तासाला ३० लिटर: बोटीवरच्या वॉटरमेकरचा सात महिन्यांचा अनुभव

कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारही आहे आणि अशी यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत. वस्तू सांगते: समुद्राचं पाणी गोडं करणारा, १२ व्होल्टवर चालणारा, तासाला ३० लिटरचा वॉटरमेकर. बोट ३८ फुटी, १९९८ सालची, सेकंडहँड, फ्रेंच बनावटीची. राहणारी माणसं दोन. ठिकाण ग्रेनाडा आणि त्याच्या उत्तरेला माळेसारखी पसरलेली ग्रेनाडाइन्स बेटं, पूर्व कॅरिबियन. नोव्हेंबर २०२४ च्या शेवटी यंत्र बसवलं आणि जूनअखेर बोट किनाऱ्यावर चढवली, तोवर वापरलं.

हे मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते, अठ्ठावीस वर्षं. मी लातूरची. पाण्याच्या बाबतीत आमच्या दोघांच्या बुद्धीची जडणघडण कुठे झाली, हे सांगितल्याशिवाय या परीक्षणाला अर्थ नाही. ह्यांच्या जहाजांवर मुख्य इंजिनाच्या उष्णतेवर रोज टनांनी गोडं पाणी तयार व्हायचं. त्यामुळे ह्यांना नळ उघडा ठेवून दाढी करायची सवय. २०१६ च्या उन्हाळ्यात मी माहेरी होते. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, तो उन्हाळा. टँकरपाशी भांडणं होतात म्हणून जमावबंदी लावली होती. धुण्याचं पाणी फरशीला, फरशीचं संडासात, हे आमच्याकडे कोणी शिकवत नाही. ते येतंच.

बोट घेतली तेव्हा तिच्यात १५०-१५० लिटरच्या दोन टाक्या होत्या आणि वॉटरमेकर नव्हता. पहिले पाच-सहा आठवडे आम्ही दोघं मिळून दिवसाला अठरा-वीस लिटरांत भागवलं. डिंगी म्हणजे रबराची छोटी होडी. ती घेऊन धक्क्यावर जायचं, वीस लिटरचे कॅन भरायचे, हलत्या डिंगीतून हलत्या बोटीवर चढवायचे. कॅनचं वजन वीस किलो. लाट आली की चाळीस वाटतं. ह्यांच्या कमरेने चौथ्या आठवड्यात राजीनामा दिला आणि ह्यांनी यंत्राची ऑर्डर. मला विचारलं नाही. मी विचारल्यावर म्हणाले, "अगं, तुला सरप्राइज."

यंत्र कसं चालतं ते थोडक्यात. घरच्या स्वयंपाकघरातल्या आरओसारखंच, पण दाबाचा फरक प्रचंड. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं आणि ते मीठ पाण्याला धरून ठेवतं. त्याच्या विरोधात पाणी मेम्ब्रेनमधून, म्हणजे मीठ अडवणाऱ्या बारीक पडद्यातून, ढकलायचं तर नुसत्या बरोबरीलाच वातावरणाच्या सत्तावीस पट दाब हवा. प्रत्यक्ष काम पन्नासच्या आसपास होतं. घरच्या आरओत तो चार-पाच असतो. आत घेतलेल्या दहा लिटरांतलं जेमतेम एक लिटर गोडं होऊन येतं, बाकीचं जास्त खारट होऊन परत समुद्रात. आमच्या यंत्रात खुबी अशी की परत जाणाऱ्या पाण्याचा दाब फुकट न घालवता आत येणाऱ्या पाण्याला ढकलायला वापरतात, म्हणून एवढ्याशा विजेवर भागतं.

एवढीशी वीज म्हणजे किती? दहा अँपियर. कागदावर तासाला ३० लिटर, आम्हाला मिळाले २७. कंपनीने फसवलं असं मी म्हणणार नाही, आमच्या बॅटरीपासून यंत्रापर्यंतची वायर लांब आहे आणि व्होल्टेज पडतं. हिशेब केला तर लिटरला साधारण साडेचार वॅट-तास. मोबाइल एकदा पूर्ण चार्ज करायला जेवढी वीज लागते तेवढ्यात तीनेक लिटर. ऐकायला स्वस्त वाटतं. पण बोटीवर वीज येते चारशे वॅटच्या सोलर पॅनलमधून, आणि त्याच विजेवर फ्रिज, पंखे, दिवे, पंप, प्रवासात असलो तर ऑटोपायलट. रात्रभर फ्रिज आणि पंख्यांनी बॅटरी खाल्लेली असते, ती सकाळी भरून निघाली तरच पाणी.

त्यामुळे आमचा दिवस असा झाला. सहाला उजाडतं. बाराही महिने सहाच्या मागेपुढेच, इथे दिवस फारसा लहानमोठा होत नाही. उठल्यावर मी आधी बाहेर डोकं काढून शेजारच्या बोटी काल होत्या तिथेच आहेत ना ते पाहते. त्या तिथे असल्या तर आपला नांगर सरकलेला नाही. हे उठून पहिल्यांदा बॅटरीचा आकडा बघतात, मग माझ्याकडे. दूध पावडरचा चहा. जायफळ ग्रेनाडात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं, देशाच्या झेंड्यावरसुद्धा आहे, तेव्हा चहात तेच. दहापर्यंत सूर्य पॅनलवर नीट आला की मी विचारते, "अहो, आज पाणी सोडणार का?" कारण आम्ही दिवसाआड चालवतो, सव्वादोन तास, साठ लिटर. दिवसाआड पाणी, तेही ठरल्या वेळी. माझ्या माहेरच्या लोकांना हे सांगितलं तर त्यांना हेवा वाटला.

ते सव्वादोन तास बोलणं बंद. यंत्र आमच्या झोपायच्या फळीखाली बसवलंय, आवाज जुन्या टिल्लू पंपासारखा. विक्रेत्याने "अगदी शांत" म्हटलं होतं. शांतता सापेक्ष असते, पण इतकी? पहिल्या महिन्यात मला याचा त्रास झाला. नंतर लक्षात आलं की चोवीस तास अकरा मीटरांत राहणाऱ्या नवरा-बायकोला दिवसाआड सव्वादोन तास एकमेकांचं काही ऐकू न येणं ही सोय आहे. हे पुढे बसून दोर विणतात, मी मागे पुस्तक घेऊन.

मिळालं काय? खरं सांगायचं तर सगळ्यात मोठी गोष्ट चादर. खाऱ्या अंगाने झोपलं की चादरीत मीठ जातं, मीठ हवेतला ओलावा ओढतं, आणि ती चादर पुन्हा कधीच कोरडी होत नाही. कपड्यांचंही तेच. आता पोहून आल्यावर अंगावर गोडं पाणी मारतो. त्यासाठी शेतात फवारणीला वापरतात तसला हातपंप, दोन लिटरचा, अर्थात कोरा घेतलेला. एका माणसाची आंघोळ सव्वा लिटरात. केस धुवायला तीन लिटर, आठवड्यातून दोनदा, आणि त्यावर बोटीवर चर्चा होत नाही असा ठराव आहे. भांडी अजूनही आधी समुद्राच्याच पाण्याने घासते, पायपंप आहे त्याला, गोडं पाणी फक्त विसळायला. भातात तीन भाग गोडं, एक भाग समुद्राचं, मीठ वेगळं घालायचं नाही. कुकर नसता तर मी इथे राहिलेच नसते.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे टोबॅगो केज. ग्रेनाडाइन्समधली, पण शेजारच्या सेंट व्हिन्सेंट देशातली पाच छोटी निर्मनुष्य बेटं, समोर घोड्याच्या नालासारखी पोवळ्याची भिंत, भिंतीपलीकडे अटलांटिक आणि मग थेट आफ्रिका. वारा अडत नाही, लाटा मात्र भिंतीवर फुटून मरतात. काचेसारख्या पाण्यात नांगर वाळूत रुतलेला दिसतो आणि सकाळी कासवं बोटीशेजारी श्वास घ्यायला वर येतात, फूस करून. तिथे दुकान नाही, नळ नाही. यंत्राआधी आम्ही तिथे चार दिवस राहिलो आणि चौथ्या दिवशी टाकीत काठी घालून पाहत होतो. यंत्रानंतर जानेवारीत सोळा दिवस राहिलो. निघालो ते कांदे संपले म्हणून.

आता न मिळालेल्या गोष्टी, कारण जाहिरातीत त्या नसतात.

बंदरात चालवता येत नाही. पाण्यावर डिझेलचा तवंग असेल तर तेल मेम्ब्रेनला कायमचं मारतं. ग्रेनाडाची राजधानी सेंट जॉर्जेस, तिच्या बंदराच्या आतल्या भागात, युनियन बेटावरच्या क्लिफ्टनच्या धक्क्याजवळ, जिथे फेरीबोटी येतात तिथे हात लावायचा नाही. एप्रिलपासून सार्गासम आलं. तपकिरी शेवाळाचे वाहते गालिचेच्या गालिचे, अटलांटिकमधून येतात आणि वाऱ्याच्या बाजूच्या किनाऱ्यांवर साचून कुजतात, सडक्या अंड्यांचा वास. ते गाळणीत गेलं की वीस मायक्रॉनचा फिल्टर एका दिवसात बाद. एरवी महिना जातो. प्रवासात बोट कलली, उसळली की पाणी घेणारं भोक हवा ओढतं आणि यंत्र बंद पडतं. म्हणजे स्वच्छ खाडी, शांत नांगर आणि ऊन, तिन्ही जुळलं तर पाणी. डिसेंबर-जानेवारीत इथे ज्याला ख्रिसमस विंड्स म्हणतात तो जोरदार पूर्वेचा वारा लागतो, पंचवीस नॉट, कधी कधी आठवडाभर, वर ढग. त्या आठवड्यात दिवसाआडचं तिसऱ्या दिवसावर गेलं.

आणि यंत्राला सुट्टी देता येत नाही. पाच-सहा दिवस वापरलं नाही तर मेम्ब्रेनवर जिवाणू वाढतात, म्हणून गोड्या पाण्याने धुवायचं, त्यात आपणच केलेलं दहा-पंधरा लिटर जातं. ते धुण्याचं पाणी क्लोरीनचं चालत नाही, क्लोरीनने मेम्ब्रेन खराब होतं, म्हणून मध्ये कार्बनचा फिल्टर. लांब कुठे जायचं असेल तर सोडियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात मुरवून ठेवायचं. ह्याला सगळे पिकलिंग म्हणतात, आम्ही "लोणचं घालणं" म्हणतो. यंत्र आणल्यावर मांजर पाळल्यासारखं झालं, कोणीतरी घरी असावं लागतं.

भांडणाबद्दलही लिहायला हवं, कारण बोटीवर येऊ पाहणारी जोडपी मला पहिल्यांदा तेच विचारतात. आधी आमची भांडणं पाण्यावरून होत. यंत्रानंतर पाण्यावरून बंद झाली आणि विजेवरून सुरू झाली. "पंखा दोनवर कशाला?" "लॅपटॉप किती वेळ?" मी नळ बंद करत असे, आता हे दिवे बंद करत फिरतात. काटकसर गेली नाही, एका टाकीतून दुसऱ्या टाकीत गेली, फक्त दुसरीचा मुकादम हे. जहाजावर टनांनी पाणी पाहिलेला हा माणूस आता माझ्याइतकाच चिकट झालाय, याचं श्रेय मात्र मी यंत्राला पूर्ण गुण देऊन देते. जाता जाता: किनाऱ्यावर मी ह्यांना "अहो" म्हणते. नांगर सरकत असताना, पाऊस तिरका लागलेला असताना, "अरे सोड ती दोरी!" असंच तोंडातून येतं. त्यावर दोघांनीही कधी काही बोललेलं नाही.

बिघाड मार्चमध्ये झाला, अर्थातच टोबॅगो केजमध्ये. पाणी तयार व्हायला लागलं की पहिली दहा मिनिटं ते बाहेर सोडायचं, टीडीएसच्या, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या, पेनाने मोजायचं, पाचशेच्या खाली असेल तरच टाकीत. आमचं नेहमी २८० च्या आसपास. तीन महिने दर वेळी २८० दिसल्यावर माणूस काय करतो? मोजणं सोडतो. हे सोडून बसले होते. संध्याकाळी चहा केला तर चहा मिठाचा. पेन घातलं, ८४०. "पेनाची बॅटरी गेली असेल," असं अठ्ठावीस वर्षांचा अनुभव म्हणाला. पेनाची बॅटरी ठीक होती. डावी टाकी अर्धी होती, ती सगळी खारावली.

उजवी वाचली, कारण मी दोन टाक्यांमधली तोटी कायम बंद ठेवते. एकाच वेळी दोन्ही कधी भरायच्या नाहीत, एक पूर्ण भरलेली आणि हात न लावलेली. याला ह्यांनी सुरुवातीला "लातूर पॅटर्न" म्हणून नाव ठेवलं होतं. आता ते नाव तसंच आहे, स्वर बदललाय.

दोष निघाला तो करंगळीतल्या अंगठीएवढ्या ओ-रिंगचा. मेम्ब्रेनच्या नळकांड्याच्या टोकाला, जिथून गोडं पाणी बाहेर येतं तिथे ती असते, तिला चीर गेली आणि दाबाखालचं खारं पाणी गोड्यात झिरपायला लागलं. ह्यांनी दोन तासांत शोधलं. इथपर्यंत ठीक, रबर आहे, जाणारच. माझी तक्रार पुढची. ही रिंग बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या मापाची नाही. कंपनीने यंत्राबरोबर जे "एक वर्षाचं सुटं सामान" म्हणून विकलं त्यात ती नव्हती. विचारल्यावर उत्तर आलं की ती सुटी देत नाही, टोकाचं पूर्ण झाकण घ्या. मग झाकण घेतलं. ते ग्रेनाडाला आलं. आम्ही सेंट व्हिन्सेंटच्या हद्दीत. तिथलं युनियन बेट आणि ग्रेनाडाचं कॅरिअकू बेट समोरासमोर दिसतात, अंतर काही सागरी मैलांचं, पण देश दोन. क्लिफ्टनला देश सोडल्याचे कागद, कॅरिअकूच्या टायरल बेला पिवळा झेंडा लावून देशात आल्याचे कागद, मग सामान प्रवासातल्या बोटीसाठी आहे म्हणून जकातमाफीचे कागद. एका रबरी अंगठीसाठी बावीस दिवस. उजव्या टाकीतले दीडशे लिटर आम्ही आठ दिवस पुरवले, मग परत कॅन. आता माझ्याकडे तसल्या रिंगा सहा आहेत, कुठून मिळवल्या ते विचारू नका.

त्या बावीस दिवसांतले बरेचसे कॅरिअकूला टायरल बेमध्ये काढले. या बेटावर नदी नाही. घराघरांच्या छपरावरून पावसाचं पाणी खाली हौदात उतरवतात, हौद बहुतेक घराखालीच, आणि जानेवारी ते मे त्यावर काढायचे. १ जुलै २०२४ ला बेरिल चक्रीवादळ नेमकं याच बेटावर चौथ्या श्रेणीच्या जोराने आदळलं. छपरं गेली की पाणी साठवायची सोयही जाते, हे मला तिथे उभं राहीपर्यंत सुचलं नव्हतं. आठ-नऊ महिन्यांनीही निळ्या ताडपत्र्या दिसत होत्या, खारफुटीत आसऱ्याला बांधलेल्या बोटींचे सांगाडे एकावर एक पडलेले होते. आपण लोण्याच्या गोळ्याएवढ्या सुखासाठी रिंगेची वाट बघतोय याची थोडी लाज वाटली, खोटं कशाला बोला.

तिथे रस्त्याकडेला एक आजी तुरीच्या शेंगा विकायला बसत. तूर! इथे पिजन पीज म्हणतात, मका आणि तूर ही या बेटाची जुनी पिकं. मी लातूरची, तुरीच्या बाजारपेठेतून आलेली, हिरव्या शेंगा दिसल्यावर जवळपास रडले. सोलून दाण्यांची आमटी केली, नारळ घालून. आजींशी ओळख झाली. मी सांगितलं, आमच्याकडेही छपरं आणि पाऊस असंच गणित असतं, फक्त पाऊस येत नाही. त्या म्हणाल्या, इथेही तेच. यंत्र दुरुस्त झाल्यावर अभिमानाने एक बाटली नेली. त्यांनी घोट घेतला, तोंडात फिरवला, आणि म्हणाल्या, "याला चवच नाही." खरंय. आरओचं पाणी पिऊन पिऊन आम्ही विसरलो होतो. त्यांच्या हौदातलं प्यायले, त्याला चव होती, थोडी पत्र्याची, थोडी पानांची.

जेवणाचा विषय निघालाच आहे तर: इथलं कॅलालू म्हणजे अळू. ब्रेडफ्रूट म्हणजे आपल्या कोकणातला नीरफणस, तो इथे १७९३ मध्ये ब्लाय नावाच्या कप्तानाने पॅसिफिकमधून आणला, गुलामांना स्वस्तात खायला घालायला. आणि रोटी तर गल्लोगल्ली, आत बटाटा-चण्याची भाजी, कारण १ मे १८५७ ला पहिलं जहाज हिंदुस्थानी मजूर घेऊन ग्रेनाडाला आलं. माझ्या डब्यातलं सामान मला इथे परकं वाटलं नाही. कोथिंबीर मात्र मिळत नाही नीट. एक रुंद, काटेरी पानांची आहे, वास तोच, तिच्यावर चालवते.

घरून विचारतात, दिलीप दोंदेंसारखं जगाला वळसा घालणार का. त्यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या म्हादेई या शिडाच्या बोटीवरून एकट्याने ते केलं. आम्ही सेंट जॉर्जेस ते बेक्विया एवढ्यातच वर-खाली करतो. सगळ्यात मोठी उडी ग्रेनाडा ते कॅरिअकू, तीसेक सागरी मैल, सकाळी निघून दुपारी पोचायचं, वाटेत समुद्राखालचा एक जिवंत ज्वालामुखी आहे त्याला दीड किलोमीटर लांबून वळसा घालायचा. तेवढाच आमचा वळसा.

शेवटचा आकडा, जो मला कोणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं. यंत्राच्या तासमापकावर जूनअखेर २१४ तास झाले. गुणिले २७, म्हणजे ५,७०० लिटरच्या आसपास. लातूरला दारात उभा राहतो तो टँकर दहा हजार लिटरचा असतो. सात महिन्यांत दोन माणसांनी मिळून अर्ध्या टँकरच्या जरा वर पाणी वापरलं, आणि त्यात आम्ही चैनीत होतो.

घ्यावं का? एका जागी बंदरात राहणार असाल, नळ जवळ असेल, तर नको. आठवड्याला दोन कॅन उचलणं स्वस्त पडतं. बेटाबेटांवर फिरणार असाल तर घ्या, पण आधी पॅनल आणि बॅटरी वाढवा, वायर जाड घाला, दुसरी टाकी वेगळी ठेवा, आणि ओ-रिंगांची पूर्ण यादी मापांसकट लेखी मागून घ्या, पैसे देण्याआधी. टीडीएसचं पेन दोन घ्या, म्हणजे "पेन बिघडलंय" हा युक्तिवाद उरत नाही.

२८ जूनला लोणचं घातलं, झाकणावर तारीख लिहिली, बोट क्रेनने उचलून वादळी मोसमासाठी किनाऱ्यावर बांधून ठेवली. हे आता तासाला साठ लिटरवालं मोठं मॉडेल बघतायत. त्याला वीस अँपियर लागतात. मी म्हटलं, आधी पंखा दोनवर लावायची परवानगी द्या, मग बोलू.